एक शिलिंग, सव्वा पेनी

माझं काम माणसांना फुंकायला लावायचं. कार्डिफमधल्या एका रुग्णालयात, खिडकी नसलेल्या खोलीत, समोर बसलेल्या माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि ओरडायचं, "भरून घ्या, भरून घ्या, आता सोडा! जोरात! अजून, अजून, थांबायचं नाही!" पडद्यावर रेघ उमटते. धडधाकट माणसाची रेघ झपकन टोकाला जाते आणि सरळ उतरते. धूळ खाल्लेल्या फुप्फुसाची रेघ उतरताना मध्येच खचते, उपाशी माणसाचं पोट खपाटीला जावं तशी.

मी २००३ साली इथे आले तेव्हा अशा खचलेल्या रेघांची रांगच असायची. सगळे म्हातारे, सगळे साउथ वेल्सच्या खोऱ्यांतले. रोग त्यांना आम्ही सांगायच्या आधीच ठाऊक असे. "माझ्यात डस्ट आहे," म्हणायचे. मला आजार झालाय, असं नाही. माझ्यात धूळ आहे. खिशात चिल्लर आहे म्हणावं इतक्या सहजपणे. हातांच्या पाठीवर, नाकाच्या शेंड्यावर निळ्या रेघा असायच्या. खरचटलेल्या जागी कोळशाची भुकटी राहते, वरून कातडी भरून येते, आणि ते गोंदण मरेपर्यंत सोबत करतं. माझ्या आजीच्या कपाळावरचं गोंदण त्याच रंगाचं होतं.

आता ती रांग ओसरली आहे. उरलेल्यांपैकी एक आजोबा मला 'बाख' म्हणतात. वेल्शमध्ये बाख म्हणजे लहान, पण म्हणायची तऱ्हा आपल्या 'बाळा'ची. मी पन्नाशी ओलांडली आहे, तरी मी बाख. त्यांच्या कागदावरच्या गावाचं नाव मी तीनदा चुकीचं वाचलं. सेंगेनिध. शेवटचं अक्षर जिभेचं टोक दातांना लावून काढायचं असतं, ते त्यांनी करून दाखवलं आणि माझा मराठी 'ध' चालवून घेतला.

"तू कुठली?"

"मुंबईची. वडील गिरणीत होते. कापसाच्या."

त्यांनी नाकाचा चिमटा काढून हातात घेतला. "मग त्यांच्यातही असेल डस्ट."

"होती. पांढरी."

माझ्या वडिलांच्या खोकल्याला इतक्या सरळ शब्दांत नाव देणारं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. आई 'छातीत कापूस बसलाय' म्हणायची, डॉक्टर 'बिडी सोडा' म्हणायचे. वडील बिडी ओढत नसत.

"आमच्या गावाला जाऊन ये एकदा," आजोबा म्हणाले. "पण गाडीनं नको. जुन्या रेल्वेच्या वाटेनं चालत जा."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गेले. कार्डिफहून आगगाडीनं कर्फिलीला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. तिथे भलामोठा किल्ला आहे, १२६८ साली बांधायला घेतलेला. भोवती तळी आणि एक बुरूज असा कललेला की खाली उभं राहायची छाती होऊ नये. पर्यटक तिथेच थांबतात. मी पाठ फिरवून वायव्येकडे निघाले. वाटेत पेनरहेओल लागतं. तिथल्या दफनभूमीत, मी जिथे निघाले होते त्या गावची पुष्कळ माणसं आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. परतताना कळलं.

एबर खोरं म्हणजे एक बोळ आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर, मधून ओढा, आणि टोकाला सेंगेनिध. तिथे रस्ता जवळपास संपतो. १८९४ मध्ये रिम्नी रेल्वेनं या बोळात एक फाटा घातला, माणसांसाठी तो १९६४ पर्यंत चालला, मग बंद. आता रूळ नाहीत. त्यांच्या जागी पायवाट आहे, दोन्हीकडे बर्च आणि हेझलची झाडं, काटेरी ब्लॅकबेरीची जाळी आणि गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं नेचं. कुत्री फिरवणारे लोक "ऑलराइट?" म्हणत पुढे जातात, उत्तराची अपेक्षा न ठेवता. पाऊस होता, पण इथल्या हिशेबानं नव्हता. ज्याला आपण भुरभुर म्हणतो, त्याला इथे कोरडं हवामान म्हणतात.

दरीतल्या या वाटा चांगल्या आहेत, हे गुडघ्यांना आधी कळतं. चढ आहे, पण असा की त्याला चढ म्हणायला संकोच वाटावा. मधलं गाव अबरट्रिडूर, म्हणजे तीन पाण्यांचा संगम. तिथे विंडसर नावाची खाण होती, १९८६ साली बंद झाली. त्या जागेवर आता घरं आहेत. कुंपणापलीकडे एका मुलाची घसरगुंडी, दोरीवर टॉवेल. आजोबा तिथेच होते, शेवटपर्यंत.

घरांबद्दल थोडं. दगडी, चिकटून चिकटून बांधलेली, दारं ओळीनं, डोंगराच्या कमरेला करदोड्यासारखी गुंडाळलेली. आमची परळची चाळ आडवी पाडून वाकवली असती तर अशीच दिसली असती. फक्त इथे प्रत्येकाला स्वतःचा जिना आहे. त्या जिन्याखालच्या कोनाड्याला इथली माणसं 'कुच' म्हणतात. पूर्वी त्यात कोळसा ठेवत. आणि मिठीलाही कुचच म्हणतात. माझ्या विभागातल्या पोरी रडणाऱ्या पेशंटला विचारतात, "कुच देऊ का?" कोळशाची जागा आणि मिठी यांना एकच शब्द ठेवणाऱ्या भाषेवर माझा जीव बसला आहे, ती शिकण्यात मी सपशेल नापास झाले असले तरी.

सेंगेनिधला पोचले तेव्हा गावात कुणी नव्हतं. एक चिप्सचं दुकान बंद, एक मेंढी फुटपाथवर. इथल्या मेंढ्या कचऱ्याचे डबे उलटवण्यात पटाईत असतात. मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला तेव्हा तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी दादरच्या फलाटावर पाहिलेली आहे. पर्यटनखात्याला आवडेल असं गावात काही नाही. समाजमंदिरात गावकऱ्यांनीच चालवलेलं छोटं संग्रहालय आहे, आणि खाणीच्या जागेजवळ, शाळेशेजारी, स्मारकाची बाग आहे.

खाणीचं नाव युनिव्हर्सल. १८९१ साली खोदायला घेतली. आधी इथे चार शेतं होती; खाणीसाठी गाव आलं, गिरण्यांसाठी गिरणगाव आलं तसं. दोन विहिरी, नावं लँकेस्टर आणि यॉर्क, प्रत्येकी सहाशे मीटरच्या आसपास खोल. शिवडी-परळच्या कुठल्याही चिमणीहून कितीतरी पट उंच, पण उलट्या दिशेनं. खाली वाफेच्या जहाजांना लागणारा उत्तम कोळसा, आणि त्याच्यासोबत मिथेन. २४ मे १९०१ रोजी स्फोट झाला, ८१ माणसं गेली. त्या पाळीचा एकच जण जिवंत निघाला. चौकशी झाली, उडणारी कोळशाची भुकटी ओली ठेवायला हवी होती असं निघालं, आणि काम सुरू राहिलं.

१४ ऑक्टोबर १९१३. सकाळी आठ वाजून गेले होते. खाली साडेनऊशेच्या आसपास माणसं. या वेळी ४३९ मेली, आणि त्यांना काढायला उतरलेला एक. ब्रिटनच्या इतिहासात एवढा मोठा खाण-अपघात आधी नाही, नंतर नाही. ठिणगी कशानं पडली ते ठामपणे कधीच सिद्ध झालं नाही. विजेच्या घंटीची ठिणगी असावी, हा एक तर्क. पण भडका एका जागी थांबत नाही. पहिल्या धक्क्यानं जमिनीवरची भुकटी उडते, ती पेटते, तिचा धक्का पुढची भुकटी उडवतो, आणि आग स्वतःचं सरपण स्वतःच गोळा करत बोगद्यांतून पळत सुटते. जे भाजून मरत नाहीत, ते मागाहून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडनं मरतात.

आता पंख्याची गोष्ट, कारण त्या बागेत माझं डोकं पंख्यापाशीच अडकलं. खाणीत हवा खेळती ठेवायला वर मोठा पंखा असतो. एका विहिरीतून हवा आत, दुसरीतून बाहेर. पण आत शिरणाऱ्या हवेच्याच वाटेवर आग लागली, तर हाच पंखा तो धूर ओढून पुढच्या जिवंत माणसांच्या तोंडावर सोडतो. तेव्हा पंखा उलटा फिरवता यायला हवा. १९११च्या कायद्यानं तसं बंधनकारक केलं होतं. युनिव्हर्सलचा पंखा उलटा फिरत नव्हता. मुदत उलटून गेली होती, काम राहून गेलं होतं. आग विझवायला पुरेसं पाणीही हाताशी नव्हतं. पंखा उलटा फिरला असता तर किती वाचले असते, यावर मी वाद घालणार नाही. पण श्वासाच्या यंत्रापाशी वीस वर्षं बसलेल्या बाईला हवेची दिशा हा काही तांत्रिक तपशील वाटत नाही.

खटला झाला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड. कंपनीला १० पौंड, तोही अपिलात. त्या वेळच्या एका स्थानिक वर्तमानपत्रानं व्यवस्थापकाच्या दंडाला माणसांनी भागून मथळाच छापला. मी बागेत उभ्या उभ्या तोच हिशेब पुन्हा केला. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स. २४ पौंडांचे ५,७६० पेन्स, भागिले ४४०. माणशी १३ पेन्स आणि वर चिमूटभर. मथळ्यानं ते चिमूटभर पाव पेनी धरलं होतं: एक शिलिंग, सव्वा पेनी.

तो सव्वा मला फार लागला. सव्वा रुपया आपण नारळासोबत देवापुढे ठेवतो.

भिंतीवर चिनीमातीच्या फरशा आहेत, माणसागणिक एक. अपघाताला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी, १४ ऑक्टोबर २०१३ रोजी, ही बाग खुली झाली. मध्ये कांस्याचा पुतळा, एक बचावकर्ता कोसळणाऱ्या माणसाला सावरतोय. पुतळा चांगला आहे. पण मी फरशांपुढे जास्त वेळ होते. मोठ्यानं वाचत गेले, कारण मनात वाचलं की नावं सरपटत जातात. जोन्स, एव्हान्स, डेव्हिस, पुन्हा जोन्स. या देशात आडनावांची टंचाई आहे. आठ मुलगे चौदा वर्षांचे होते. एकूण साठ जणांनी विशीही गाठली नव्हती. दोनशेवर बायका विधवा झाल्या, ५४२ मुलांचे बाप गेले. आणि महिन्या-दीड महिन्यात खाण पुन्हा सुरू झाली. ती बंद पडली १९२८ मध्ये, तीही स्फोटानं नाही, धंद्याच्या मंदीत. एवढा जीव घेऊनही ती जेमतेम तीस-बत्तीस वर्षं जगली.

खाणीत उतरताना प्रत्येकाला नंबराचा दिवा मिळायचा. संध्याकाळी किती दिवे परत आले नाहीत, त्यावरून किती माणसं परत आली नाहीत ते कळायचं. वडिलांचा बिल्ला माझ्या कार्डिफच्या कपाटात आहे, पितळेचा, वर फक्त आकडा. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहिले काही आठवडे आम्हा पोरांना मजाच वाटली, कारण वडील दिवसा घरी. मग आईनं खाणावळीसाठी पोळ्या लाटायला घेतल्या, आणि भोंगा ऐकू येईनासा झाला. भोंग्याशिवाय सकाळ नेमकी कधी सुरू होते ते आमच्या चाळीला बरीच वर्षं कळलं नाही. वडील साचेखात्यात होते. नंतर एका इमारतीचे वॉचमन झाले. निळा गणवेश, शिट्टी आणि खोकला.

इथला खाणकामगारांचा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५. हरले तेही. पण एका खोऱ्यातले लोक बँड वाजवत, झेंडे घेऊन, बायकापोरांसह एकत्र कामावर परतले, असं आजोबा सांगतात, आणि त्याची छायाचित्रंही आहेत. आमचा संप कुणी मागे घेतलाच नाही. कागदोपत्री तो अजून चालू आहे, असं वडील शेवटपर्यंत विनोदानं म्हणायचे, आणि हसता हसता त्यांना ढास लागायची.

दोन देशांची दुःखं तराजूत घालायला मला आवडत नाही. वेल्सच्या या खोऱ्यांनी राणीच्या आरमाराची पोटं भरली, हे मी विसरलेले नाही. पण एक गोष्ट सांगायला हवी. १९९८ मध्ये इथल्या न्यायालयानं ठरवलं की खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या आजाराला मालकच, म्हणजे ब्रिटिश कोल, जबाबदार आहे. त्यानंतर लाखोंनी दावे लागले. फार उशिरा, आणि अनेकांना मरणोत्तर, पण पैसे मिळाले. माझ्या खोलीतल्या त्या जुन्या रांगेतल्या कित्येकांच्या हातात दाव्याचा कागद असे. माझ्या वडिलांच्या छातीची रेघ कुणी कधी काढलीच नाही. काढली असती तर कशी दिसली असती, ते मला अचूक माहीत आहे. डोळे मिटून काढून दाखवीन.

त्यांच्या गिरणीच्या आवारात आता काचेच्या इमारती आहेत. चिमणी ठेवली आहे. रात्री तिच्यावर दिवे सोडतात. खाली कुणाचंही नाव नाही.

बागेतून निघाले तेव्हा खरं तर बस पकडायची होती. पण पाऊस थांबला होता, आणि आजोबांनी 'वरच्या चर्चपाशी जा, तिथून दिसतं' असं सांगितलं होतं. काय दिसतं ते सांगितलं नव्हतं. अबरट्रिडूरपर्यंत उतरून पश्चिमेच्या डोंगरावर एग्लुसिलानचा रस्ता घेतला. या चढाला चढ म्हणायला संकोच वाटत नाही. अर्ध्यावर फुटून एक पायवाट कुरणात शिरते असं नकाशात होतं. मी शिरले आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. सह्याद्रीत वाट चुकली की निदान दगड लागतो. इथे डोंगर वरून गालिचा आणि आतून स्पंज.

जाताना इव्होर बाख आठवला. हो, तोही बाखच. बाराव्या शतकातला सेंगेनिधचा सरदार, चणीनं लहान. ११५८ साली तो रात्री कार्डिफच्या किल्ल्याचा तट चढून गेला आणि जमीन लाटणाऱ्या अर्लला बायकोमुलासकट उचलून घेऊन आला; जमीन परत मिळाल्यावर सोडलं. ही हकीकत ऐकून कुठल्या मराठी माणसाला दोर आणि घोरपड आठवणार नाही! आज कार्डिफमध्ये त्याच्या नावानं नाइटक्लब आहे. माझा मुलगा तिथे जातो आणि तोही रात्री उशिराच परततो.

एग्लुसिलानचं चर्च बुटकं, दगडी, वाऱ्याकडे खांदा करून बसलेलं. आवारात १९१३च्या काही कबरी आहेत. समोर पब, बाकी मेंढ्या आणि आभाळ. त्याच्या वरच्या अंगाला माथ्याकडे चढलं की एका बाजूला एबर खोरं, दुसऱ्या बाजूला टॅफ नदीचं रुंद खोरं. टॅफच्या काठानं उत्तरेला गेलं की आबरव्हान लागतं, जिथे २१ ऑक्टोबर १९६६ला खाणीच्या टाकाऊ मातीचा ढिगारा शाळेवर घसरला आणि १४४ जण गेले, त्यातली ११६ मुलं. पुन्हा ऑक्टोबर. या देशात अजून अडीच हजारांवर असे जुने ढिगारे आहेत. पुष्कळांवर गवत आलंय, आणि परक्याला ते टेकड्याच वाटतात. मी पाहत होते त्यातल्या कुठल्या टेकड्या देवानं केल्या आणि कुठल्या पाळीनं, ते मला ओळखता आलं नाही.

दक्षिणेला ढगांखाली एक पांढुरकी पट्टी होती. ब्रिस्टल खाडी. हेच दिसतं, हे आजोबांना म्हणायचं असावं. खोऱ्यांतला माल तिथे उतरायचा, कार्डिफ आणि बॅरीच्या बंदरांत. १९१३ हेच इथल्या कोळशाचं विक्रमी वर्ष; साउथ वेल्सच्या खाणींतून साडेपाच कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. तो जगभर जाई, एडनला जाई, मुंबईलाही येई. रे रोडजवळ कोळसा बंदर आहे, तिथून मी लहानपणी मावशीकडे जाताना शेकडो वेळा गेले असेन, नावाचा विचार न करता. गिरण्यांच्या बॉयलरांत सुरुवातीला विलायती कोळसाच जळत होता, मग बंगालचा आला, आणि १९१५ मध्ये टाटांची वीज खोपोलीहून आली. या खोऱ्यातला एखादा ढेकूळ परळला पोचला असेल का? पोचला असेलही. त्यावर काही उभारावं इतका भक्कम तो धागा नाही. पण वाऱ्यात उभी राहून उरलेल्या दोन पुऱ्या खाताना तो हातातून सोडवतही नव्हता.

पुढच्या तपासणीला आजोबा आले तेव्हा त्यांची मुलगी चाकाची खुर्ची ढकलत होती. ऑक्सिजनची बाटली मांडीवर.

"गेले होते तुमच्या गावाला," मी म्हटलं. "रेल्वेच्या वाटेनं."

"पाय दुखले?"

"वर चर्चकडे जाताना दुखले. रेल्वेच्या वाटेवर चढ कळलाच नाही."

"कसा कळेल?" त्यांनी नळी हातात घेतली, मुखाचा भाग रुमालानं पुसला. तो मीच नुकता बदलला होता, पण ते दर वेळी पुसतात. "तो उतार आखलाय भरलेल्या डब्यांसाठी. भरलेले खाली यायचे. वर रिकामेच जायचे, बाख."

मी नाकाला चिमटा लावला.

"भरून घ्या," मी म्हटलं.